एक नंबरच्या खिळ्यावरचे तीन बिल्ले

प्रिय भिंगरी,

कारखान्यात मी तुला मालकीणबाई म्हणायचं आणि तू मला दोन नंबर म्हणायचं, हा नियम तुझाच, आणि चार वर्षं मी तो निमूटपणे पाळला. पण आज रविवार आहे, कारखाना बंद आहे आणि मी माझ्या घरात माझ्या खिडकीशी बसले आहे, तेव्हा आज तू भिंगरीच. अक्षर मोठं दिसेल आणि ओळी उताराला लागलेल्या दिसतील. त्याचं कारण पुढे येईल, घाई करू नकोस. तुझे बाबा समोर वर्तमानपत्र वाचताहेत आणि दर दहा मिनिटांनी विचारताहेत की सामानाची यादी एवढी लांब कशी. मी त्यांना सांगितलंय, यादीच आहे, फक्त दुकानातून आणायचं काही नाही, लेकीकडून परत मागून घ्यायचं आहे. त्यावर ते म्हणाले, मग काही मिळत नाही.

ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, म्हणून आधीच सांगते. हे पत्र बुटांचं चामडं कापायच्या टेबलाबद्दल आहे. गेला महिनाभर तू त्या टेबलाशी बसलेली नाहीस. तुझं स्टूल भिंतीला लावून ठेवलंय आणि कुणीतरी त्यावर पुठ्ठ्याचे नमुने रचून ठेवलेत. उद्या त्या मोठ्या दुकानांची माणसं तुमचं काम बघायला येणार. ज्या दिवसाची तू इतकी वर्षं वाट पाहिलीस त्या दिवशी तू काचेच्या खोलीत फायली चाळत बसणार आणि टेबलाशी रापी घेऊन बसणार मी. हे असं होऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठी सकाळपासून कागद घेऊन बसले आहे. तोंडाने बोलायला गेले असते तर तू गळ्यात पडली असतीस आणि माझं अर्धं बोलणं राहून गेलं असतं.

तू झालीस तेव्हा नर्सने तुला माझ्याकडे देताना तुझी दोन्ही पावलं शेजारीशेजारी धरून पाहिली आणि म्हणाली, डावा जरा आळशी दिसतोय, येईल मागून. तो काही आला नाही. उजवा वाढत गेला आणि डावा दीड नंबर मागेच राहिला. तुझं त्याने काही अडलं नाही. तू चालायला लागलीस तीच पळत, पायाला भिंगरी लावल्यासारखी, म्हणून तर हे नाव. अडलं ते माझं. शाळेचे पहिले बूट घ्यायला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, बाई, जोड एकाच नंबराचा येतो, मी काय करू. मी उजव्या पायाच्या मापाचा जोड घेतला, घरी येऊन डाव्या बुटाच्या टोकात कापसाचा बोळा कोंबला आणि तुला बजावलं की हे कुणाला सांगायचं नाही. तू सहा वर्षांची होतीस. का सांगायचं नाही, हे तू विचारलंस. मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही, म्हणजे ते चांगलं नसणार.

आणि मी कोण, तर बुटांच्या कारखान्यात कापायला बसणारी बाई. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तीस वर्षं मी एकच काम केलं. चामडं दुमडायचं, कडेला कड लावायची आणि रापीच्या एका ओढीत डावा-उजवा दोन्ही एकदम काढायचे, म्हणजे केसाचाही फरक राहत नाही. तिथल्या उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं की जोड म्हणजे सारखे, आणि मी ते इतकं मनावर घेतलं की माझ्याच लेकीसाठी एक लहान आणि एक मोठा बूट कापावा, हे तीस वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. रापी माझी, हात माझा, कातरणाचे ढीग पायाशी पडलेले. तरी दर जूनला मी कापूस बदलत राहिले.

नऊ वर्षांची असताना शाळेतल्या शर्यतीत तुझा डावा बूट उडाला. मी कुंपणाशी उभी होते. बूट एकीकडे, कापसाचा बोळा दुसरीकडे, आणि पोरी खिदळताहेत. तू थांबली नाहीस. एका पायात बूट आणि एका पायात मोजा, अशी पळालीस आणि दुसरी आलीस. घरी आल्यावर न रडता, न चिडता तू उचलून आणलेला तो मातीने भरलेला बोळा खिशातून काढलास, जेवायच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवलास आणि म्हणालीस की आई, हे आता नको, बूट सैल असला तरी चालेल. मी तो बोळा उचलून कचऱ्यात टाकला आणि तुला हात धुवायला पाठवलं. एवढंच केलं. त्याच्यावर आणखी काही बोलायला हवं होतं, हे मला आत्ता एकोणीस वर्षांनी कळतंय.

पुढचं तुला ठाऊकच आहे, तरी लिहिते, कारण लिहायला मला बरं वाटतंय. एकोणिसाव्या वर्षी माझी जुनी रापी पळवून तू स्वयंपाकघराच्या टेबलावर पहिला जोड कापलास. जोड कसला, दोन वेगवेगळे बूट. ते टेबल अजून तसंच आहे, मधोमध लांब चर पडलेला. तुझ्या बाबांनी टेबलासाठी आठ दिवस अबोला धरला आणि नवव्या दिवशी स्वतःचे पाय मापासाठी पुढे केले. मग तू आणि ती तुझी मैत्रीण शिडी, आमच्या दारातून वाकून येणारी, दोघींनी मिळून कुणाच्या तरी गाडीच्या गॅरेजात शिलाईची दोन मशिनं टाकलीत. मला वाटलं, पोरी खेळताहेत, सहा महिन्यांत कंटाळतील. सात वर्षं झाली. आज टेबलाशी आणि मशिनांवर मिळून नऊ जणी बसतात. मुलांना शाळेतून आणायची वेळ झाली की मशिनं बंद होतात, मग मागणी कितीही असो. माझ्या कारखान्यात पाणी प्यायला उठायचं तरी हात वर करावा लागायचा. तुझ्या इथल्या पहिल्या दिवशी मी सवयीने हात वर केला तेव्हा शिडीला वाटलं, मला काही प्रश्न विचारायचा आहे.

मोठ्या दुकानांचा तो माणूस पहिल्यांदा आला तेव्हा मी नुकतीच तुझ्याकडे कामाला लागले होते. कडक इस्त्रीचा, गोडबोल्या. म्हणाला, सगळं छान आहे, फक्त ज्यांचे पाय सारखे नाहीत त्यांना किंमत जास्त लावा, नाहीतर मुकाट्याने सारखे जोड करा. तू वाद घातला नाहीस. त्याला माप घ्यायच्या स्टुलावर बसवलंस, त्याचे मोजे उतरवलेस आणि दोन्ही पाय कागदावर काढलेस. त्याचा उजवा अर्ध्या नंबराने मोठा निघाला. तू विचारलंस, आता जास्तीची किंमत कुठल्या पायाची लावू. तो हसला, मोजे घातले आणि निघून गेला तो चार वर्षं फिरकला नाही. मी घरी येऊन तुझ्या बाबांना म्हटलं, पोरीने चालून आलेलं नशीब हाकलून दिलं. आता तोच माणूस म्हणतोय की तुमच्या अटीवर, दोन पायांची दोन मापं आणि एकच किंमत, अठरा दुकानांत ठेवतो, फक्त एकदा काम डोळ्यांनी बघू द्या. मी माझे शब्द मागे घेतलेत. बाबांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, तारीख लिहून ठेव, असं वरचेवर होत नाही.

माझी पहिली चूक तर तू दारावरच टांगून ठेवलीस. तुझ्याकडे लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तू मला बारा जणांची मापं दिलीस, चोवीस पायांची चोवीस. मी चामडं घेतलं, दुमडलं, कडेला कड लावली आणि बाराच्या बारा जोड अगदी सारखे काढून तुझ्यासमोर मांडले. आणि वर तुझ्याकडे बघत राहिले, की बघ कसे एकसारखे आलेत. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. तू खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलीस. अकरा जोड मोडीत काढलेस आणि बारावा दारावर खिळ्याला टांगलास. अजून नवीन आलेली प्रत्येक जण विचारते की हे काय, आणि तू सांगतेस की ही आमच्या दोन नंबरची कलाकुसर. मला त्याचा कधी राग आला नाही. चूक माझी होती आणि ती माझ्याच नावावर होती.

आता खिळ्यांच्या फळीकडे येते. प्रत्येक बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला चामड्याचा एवढासा बिल्ला, त्यावर कापणारीचा नंबर. गिऱ्हाईकाकडून बूट परत आला की बिल्ला काढून फळीवर तिच्या खिळ्याला अडकवायचा. एका खिळ्यावर तीन झाले की तिने टेबल सोडायचं, कारण आपल्या हाताने लिहून द्यायचं, आणि जे दुसरं काम नीट जमेल ते मागून घ्यायचं. हा नियमही तुझाच. आणि तू तो उस्तादांनाही लावलास. सत्तरीचा माणूस, ज्यांनी मला रापी धरायला शिकवली, मी हातापाया पडून त्यांना तुझ्याकडे आणलं, आणि चौथ्या महिन्यात तू त्यांना समोर बसवून सांगितलंस की तीन झाले. ते रापी फडक्यात गुंडाळून निघून गेले. मी पंधरा दिवस तुझ्याशी धड बोलले नव्हते. तू एवढंच म्हणालीस की चामड्याला वय कळत नाही आणि ज्याला बूट टोचतो त्यालाही ते ऐकून बरं वाटत नाही. मग एके दिवशी उस्ताद स्वतःच परत आले आणि म्हणाले, बुटांचे तळवे बसवायला शिकवायला येऊ का. आता दर गुरुवारी येतात, पोरींना ओरडतात आणि आनंदात असतात.

महिन्यापूर्वी तुझ्या, म्हणजे एक नंबरच्या, खिळ्यावर तीन बिल्ले झाले. तू सगळ्यांसमोर उठलीस, स्टूल भिंतीला लावलंस आणि चिठ्ठी लिहिलीस. दोनच शब्दांची, लक्ष नव्हतं. मी गप्प बसले नाही. आई म्हणून नव्हे, जुनी कामगार म्हणून मी बोलले, की मालकीण झालं की हात सुटतो, आता ती दुकानांची माणसं येणार आणि तुम्ही बुटाऐवजी बैठका कापत बसा. तू मान खाली घातलीस आणि हो म्हणालीस. मला तेव्हा मनातून बरं वाटलं, की पोरगी नियम स्वतःलाही लावते, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असं करत नाही. घरी येऊन मी हे बाबांना अभिमानाने सांगितलं.

मंगळवारी तू दुकानवाल्यांना भेटायला गेली होतीस. मी एप्रन टांगताना फळीला धक्का लागला आणि तुझ्या खिळ्यावरचा एक बिल्ला खाली पडला. उचलला, पालथा होता, उलटला आणि डोळ्यांजवळ धरला. मला काही दिसेना. नुसता चामड्याचा तुकडा, मधोमध धुरकट डाग. मला वाटलं, नंबर झिजला. मान जरा वळवली आणि डाव्या डोळ्यासमोर आला तसा स्पष्ट दिसला. दोन. मग मी फळीवरचे बाकीचे दोन उलटले. दोन आणि दोन. शिडीला हाक मारली आणि तिच्यापुढे तिन्ही धरले. त्या पोरीला खोटं बोलता येत नाही, तिचे कान लाल होतात. तिने मशिनकडे बघत सगळं सांगितलं. चार महिन्यांपासून माझी उजवी कड सरकतेय, कधी सुताएवढी, कधी जास्त. तू रोज सगळ्यांच्या आधी तासभर कारखान्यात येतेस आणि मी आदल्या दिवशी कापलेले तुकडे तपासून बिघडलेले पुन्हा कापतेस. तीन तुझ्या नजरेतून सुटले, ते परत आले. ते तू आपल्या खिळ्यावर पालथे टांगलेस आणि टेबल सोडलंस. स्वतःच्याच कारखान्यात चोरासारखी सकाळी येऊन कापत राहिलीस आणि दिवसभर माझी बोलणी खात राहिलीस.

बुधवारी मी बाबांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. काम आहे म्हणून रजा घेतली होती ती हीच. उजव्या डोळ्याच्या आतल्या पडद्याची झीज झालीय, वयाने होते तशी. ऑपरेशनने बरं होण्यातली नाही, आहे तिथे थोपवता येईल. डावा अजून ठणठणीत आहे. बाबा बाहेर आल्यावर म्हणाले, तरीच गेले कित्येक दिवस मला कपापेक्षा बशीतच चहा जास्त मिळतोय. आम्ही दोघंही तिथेच जिन्यात बसून हसलो आणि मग मी थोडी रडले. ते आधी करायचं की नंतर हे मला कळेना, म्हणून दोन्ही करून टाकलं.

तुझा राग आला. लिहूनच टाकते. मंगळवारी आणि बुधवारी फार आला. उस्तादांना तू समोर बसवून खरं सांगितलंस आणि मला नाही. त्यांचा तू मान ठेवलास, माझी कीव केलीस. मी टेबलाशी ऐटीत बसत होते आणि नऊ जणी, निदान शिडी तरी, माझ्या मागे काय चाललंय ते जाणत होत्या. आणि ज्या अटींवर तू हे सगळं उभं केलंस, त्या तू माझ्यासाठी मोडल्यास. अठरा दुकानं आली तेव्हा मोडल्या नाहीस, माझ्यासाठी मोडल्यास. गुरुवारी मात्र वाटलं, ही हे शिकली कुठे. ज्याच्यावर माया आहे त्याचं उणं झाकायचं, कुणाला कळू द्यायचं नाही, आणि त्यानेही चालता चालता टोचलं तरी बोलायचं नाही. हे तुला दुसऱ्या कुणी शिकवलेलं नाही, बाळा. ते मीच तुला सहाव्या वर्षी शिकवलं. मग राग कुणाचा धरू.

म्हणून, मालकीणबाई, हा माझा टेबल सोडल्याचा कागद समजा. तुमच्याच नियमाने माझ्या हाताने लिहिलेला. कारण, उजवा डोळा. काल संध्याकाळी सगळ्या गेल्यावर एक नंबरच्या खिळ्यावरचे ते तीन बिल्ले काढून मी दोन नंबरच्या खिळ्यावर अडकवलेत, आकडा समोर करून. ते तिथेच राहू देत, ते माझे आहेत. तुझ्या स्टुलावरचे नमुने उचलून कपाटात ठेवलेत आणि स्टूल टेबलाशी लावलंय. उद्या त्यावर तू बस. मी दाराशी माप घ्यायच्या जागेवर काम मागतेय. कागदावर पेन्सिल फिरवायला एक डोळा पुरतो, बाकी पाय हा बोटांनी बघायचा असतो, आणि मोजे काढायला लाजणाऱ्या माणसांना बोलतं करणं मला तुझ्यापेक्षा चांगलं जमतं. तिथेही तीन चुका झाल्या तर समोर बसवून सांग, उस्तादांना सांगितलंस तसं. उद्या तो गोडबोल्या आला की सगळ्यात आधी त्याचेच मोजे उतरवीन, चार वर्षांत पाय बदललेही असतील. हा कागद बाबांच्या हाती पाठवतेय. तू एकदा तो मातीने भरलेला कापसाचा बोळा माझ्यासमोर टेबलावर ठेवला होतास आणि म्हणाली होतीस की आई, हे आता नको. मी तेव्हा काही बोलले नव्हते. आज मी तो तुझ्यासमोर ठेवतेय, भिंगरी. हे आता नको.

तुझीच,
आई
(दोन नंबर, उद्यापासून दाराशी)